वसा आणि वारसा: कृपया एका ओळीत बसवू नका

वर्तमानपत्रातलं पुण्यस्मरणाचं पान उघडा. 'आपला वसा आणि वारसा आम्ही पुढे नेऊ', खाली मुला-सुनांची नावं. चौकातला वाढदिवसाचा फलक बघा. 'वडिलांचा वसा आणि वारसा समर्थपणे चालवणारे आमचे लाडके...', खाली हात जोडलेला फोटो. जणू हे दोन शब्द जुळे भाऊ आहेत. अनुप्रास छान जमतो म्हणून ते कायम एकत्र छापले जातात, आणि छापणाऱ्याला त्यातला फरक विचारला तर तो 'दोन्ही एकच की हो' म्हणतो.

एकच नाहीत.

वारसा काय असतो हे गोमंतकीयाला समजावायची गरज नाही, त्यात आपण पीएचडी आहोत. 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता अंगवळणी पडलेली, आणि 2016 पासून उत्तराधिकाराचा आपला स्वतंत्र कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा. बापाच्या वाट्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव. मुलगा-मुलगी समान. बाप कितीही चिडला तरी कायद्यानं नेमून दिलेल्या कारणांशिवाय तो राखीव भाग काढून घेता येत नाही. कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, तर गावकाराच्या घरी मुलगा म्हणून जन्मल्याच्या हक्कानंच मिळतो. थोडक्यात, वारसा मिळतो. तुम्ही लायक आहात का, हे कुणी विचारत नाही. बापाचं कर्जही येतं, मालमत्तेच्या मर्यादेत. नको असेल तर नोटरीसमोर जाऊन सोडता येतो. (बहिणींना 'सही कर गो, नुसती फॉर्म्यालिटी' म्हणून जे करायला लावतात, ते हेच. तशा सह्या घेतलेले भाऊ पुढं पुण्यस्मरणात 'वसा' लिहितात, तेव्हा माझा चहा थंड होतो.)

किरकोळ फरक पटकन सांगून टाकतो. 'वारसा'च्या मुळाशी अरबीतला 'वारिस' आहे, 'वसा' आपल्याला ठाऊक आहे तो श्रावणातल्या कहाण्यांमुळे. वारसाहक्क असतो, वसाहक्क ऐकलाय कधी? वारसा मिळतो, वसा घ्यावा लागतो. संस्कृतात 'वसा' म्हणजे चरबी, हेही जाता जाता नोंदवतो. काही फलकांवर तोच अर्थ जास्त शोभतो.

आता मुद्द्याचं. कहाणीत वसा कसा मिळतो ते आठवा. दरिद्री ब्राह्मण रानात जातो, तिथं देवकन्या काहीतरी करताना दिसतात. तो थांबतो आणि विचारतो, बायांनो, हा कसला वसा? त्या लगेच सांगत नाहीत. उलट म्हणतात, तुला कशाला हवा, उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. तो शब्द देतो, उतणार नाही, मातणार नाही. मग कुठं त्याला वसा मिळतो. म्हणजे आधी विचारणं, मग नकार, मग कबुली. एवढं झाल्याशिवाय वसा हातात पडत नाही. आणि आपण कधी बापाला विचारलं? आपल्याकडं मुलगा बापाला दोनच गोष्टी विचारतो, जेवलात का आणि गोळी घेतलीत का. 'तुम्ही हे असं का करता' हा प्रश्न उद्धटपणात जमा होतो.

त्यामुळं खरी चूक फलकावर होत नाही, घरात होते. मालमत्ता म्हणजे वारसा आणि संस्कार म्हणजे वसा, इतकी सोपी वाटणी करून लोक मोकळे होतात. बाप पाचला उठायचा, मीही उठतो, हा माझा वसा. बापानं कधी कर्ज काढलं नाही, मीही काढत नाही, हा वसा. साफ चूक. हा वारसाच आहे, फक्त त्याचा एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा निघत नाही. न विचारता, न निवडता अंगाला चिकटलेली गोष्ट सवयीची असो वा जमिनीची, ती वारशात येते. बापाचं नाक जसं आलं तसंच बापाचं तोंड फिरवून गप्प बसणंही आलं. माझ्याकडं दोन्ही आहेत.

घरचंच उदाहरण देतो. आमचं फोंडा तालुक्यात कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, चार जायफळं, पोफळीवर चढवलेली मिरी. पाणी वरच्या झरीचं, पाटानं येणारं, आणि पाळ्या ठरलेल्या. आमची पाळी सकाळी सातला संपायची, मग खालच्या काकांची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मात्र रोज पावणेसातलाच आमच्या पाटाच्या तोंडाला चिखल आणि केळीचा सोप लावून पाणी खाली सोडायचे. मार्च-एप्रिलात पोफळीच्या झावळ्या मान टाकायच्या, आई कुरकुरायची, तरी पावणेसात म्हणजे पावणेसात. 'पुरो आतां, सकयल्यांक जाय', एवढंच. पुरे झालं, खालच्यांना हवंय. आम्ही दोघे भाऊ समजून चाललो की अण्णा म्हणजे त्यागमूर्ती, स्वतःच्या हक्कातली पंधरा मिनिटं दान करणारे. त्यांच्या बाराव्याला मी हे चार लोकांत सांगितलंही, गळा दाटून वगैरे.

अण्णांनंतर थोरल्यानं कुळागर हाती घेतलं. पाच-सहा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून पाट बुजवून पाइपलाइन टाकली, प्रत्येकाच्या हद्दीत एक व्हॉल्व्ह. पण भाऊ आजही पावणेसातला व्हॉल्व्ह फिरवतो. अण्णांचा वसा आहे, म्हणतो. पाहुण्यांना नेऊन दाखवतो.

गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर असताना खालचे काका सकाळी वर आले. मी मोठ्या कौतुकानं त्या पंधरा मिनिटांचा विषय काढला. काका हसले. म्हणाले, "अरे, दान कसलं? आमच्या हद्दीपर्यंतचा पाट रात्रभर कोरडा पडलेला. पहिलं पाणी मातीच पिऊन टाकायची. सातला सोडलं तर आमच्या झाडाला लागायला सव्वासात. तुझे अण्णा एकदा पाण्याच्या तोंडासोबत चालत खाली आले होते, हातात घड्याळ घेऊन. तेव्हापासून पावणेसात."

म्हणजे ते दानही नव्हतं आणि त्यागही नव्हता. हिशेब होता. पाळी घड्याळात सातला संपत असली, तरी पाणी शेजाऱ्याच्या मुळाशी सातला पोचलं पाहिजे, हा अण्णांचा हिशेब. तोच त्यांचा वसा. पावणेसात ही नुसती त्याची त्या पाटापुरती, त्या मातीपुरती निघालेली वेळ. पाइपातून पाणी लगेच खाली पोचतं. भाऊ आता जी पंधरा मिनिटं सोडतो ती काकांना लागतही नाहीत, आणि आमच्या वरच्या मळ्यातली केळी तेवढी सुकतात. तो अण्णांची वेळ पाळतोय, अण्णांना नाही.

मग काकांनी पायानं पाचोळा बाजूला केला आणि आमच्या हद्दीतला पाइपाचा जोड दाखवला. गळत होता. भोवती हातभर चिखल, त्यात बेडूक. "वर्ष झालं असेल," काका म्हणाले. "भावाला सांगायचं कसं? तो बिचारा पावणेसातला बंद करतो."

तेव्हा माझी कसोटी ही: परिस्थिती बदलल्यावर काय बदलतं ते बघा. कृती जशीच्या तशी राहिली आणि कारण हरवलं, तर तो वारसा. कृती ओळखू येणार नाही इतकी बदलली आणि कारण शाबूत राहिलं, तर वसा.

आपल्याच मातीतली एक बापलेकांची जोडी घ्या. धर्मानंद कोसंबी, 1876 मध्ये साखवाळला जन्मलेले. बौद्ध धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून घर सोडून निघाले, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घातले, भिक्षू झाले, पाली शिकले. कुणी सांगितलेल्या बुद्धावर त्यांचं समाधान होत नव्हतं. त्यांचा मुलगा दामोदर, 1907 चा, तोही गोव्यात जन्मलेला. वारशाच्या हिशेबानं पालीचा पंडित व्हायला हवा होता. झाला गणिती, हार्वर्डचा पदवीधर, विचारानं मार्क्सवादी. वरवर बघणारा म्हणेल, बापाचं काहीच घेतलं नाही. पण हाच माणूस इतिहासाकडं वळला तेव्हा आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी तराजूत घालून एकेक करत हजारोंनी तोलत बसला आणि पुण्याच्या आसपासची टेकाडं पायी तुडवत दगडी हत्यारं वेचत हिंडला. पुस्तकात लिहिलंय म्हणून त्यानं मानलं नाही. बाप सिलोनला गेला, मुलगा टेकडीवर. जाणं तेच. माझ्या मते वसा म्हणतात तो याला, आणि दामोदर कोसंबींनी बापाचं चीवर (भिक्षूचं वस्त्र) किंवा दिनक्रम उचलला असता तर फलकवाल्यांना तो जास्त आवडला असता.

याच्या उलट मासलेही पुष्कळ. बापाच्या दुकानात उधारीची वही होती आणि गरजवंताच्या नावापुढं आकडा न लिहिता तो नुसतं एक टिंब द्यायचा. मुलगा ती वही फ्रेम करून गल्ल्यामागं टांगतो आणि खाली पाटी लावतो, 'उधार मागू नये'. वही वारशात आली, टिंब आलं नाही.

म्हणून लिहिताना माझा आग्रह: शंका असेल तर 'वारसा' लिहा. त्यात कमीपणा काही नाही, घर, आडनाव, रक्तदाब, सगळं त्यात मावतं. 'वसा' हा शब्द, बापाला (किंवा बाप गेल्यावर त्याच्या शेजाऱ्याला) निदान एकदा 'का' विचारलं असेल तरच वापरा. आणि 'वसा आणि वारसा' ही जोडी तर कुणी डीटीपीवाला फुकट देत असला तरी घेऊ नका.

भावाला मी अजून काही बोललो नाही. तोंड फिरवून गप्प बसणं, वर सांगितलंच. या खेपेला फोंड्याच्या बाजारातून जोड मात्र घेऊन गेलो. पाइप अडीच इंची, मी घाईत तीन इंची उचलला. आता बदलून आणायचाय.