हवेत सापडलेली चोरी

सीएफसी-११ हा फ्रिज आणि फोममध्ये वापरला जाणारा, ओझोनच्या थराला मारक वायू २०१० नंतर जगात कुणी बनवायचा नाही, असं ठरलं होतं, आणि कागदोपत्री तो जवळजवळ कुणी बनवतही नव्हतं. मे २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हवा आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेतले स्टीफन मॉन्ट्झ्का आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि या हिशोबाला तडा गेला. हवेतलं या वायूचं प्रमाण घटत होतं, पण घटण्याचा वेग २०१२ नंतर जवळपास निम्म्यावर आला होता. आकडेमोड सांगत होती की वर्षाला सुमारे १३ हजार टन वायू जास्तीचा हवेत जातोय.

हे कळलं कसं? हवाईतल्या मौना लोआसारख्या वस्तीपासून दूरच्या ठिकाणी बाटल्यांमध्ये हवा भरून घेतात आणि कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ तिच्यातले घटक वेगळे करून मोजतो. त्या काळात हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे सीएफसी-११ चे रेणू होते साधारण २३०. इतकं किरकोळ प्रमाण, पण एक गोष्ट मोजणाऱ्याच्या बाजूची आहे: हा वायू निसर्गात तयार होत नाही. ज्वालामुखी, समुद्र, जंगल यांपैकी कुणावरही आळ घेता येत नाही. सापडलेला प्रत्येक रेणू कधी ना कधी एखाद्या कारखान्यातूनच निघालेला असतो.

पाण्याच्या टाकीसारखंच हे. जुन्या फ्रिजमधून, इमारतींमधल्या फोममधून वायूची थोडी गळती होत राहते, ती टाकीत येणारी ठिबक. आणि वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यप्रकाशाने रेणू मोडतात, तो खालचा निचरा. दोन्हींचा अंदाज असला की पातळी किती उतरायला हवी ते सांगता येतं. तेवढी उतरली नाही, तर कुठेतरी नळ उघडा आहे.

पण कुणाचा? उत्तर गोलार्ध आणि पूर्व आशिया एवढं मौना लोआच्या हवेवरून दिसत होतं. नेमकी दिशा दाखवली ती दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या गोसान केंद्राने आणि जपानच्या हातेरुमा बेटावरच्या केंद्राने. वारा ठरावीक बाजूने आला की तिथल्या नोंदींमध्ये सीएफसी-११ ची उसळी दिसे. प्रत्येक उसळीमागचा वारा संगणकावर उलटा चालवला, की तो कुठून आला ते कळतं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला: पूर्व चीनमधून वर्षाला सुमारे ७ हजार टन जास्तीचं उत्सर्जन, मुख्यतः शांडोंग आणि हेबेई प्रांतांच्या आसपास. फोम फुगवायला हा वायू वापरला जात असल्याचा संशय होता. कारवाई झाली, आणि २०१९ पर्यंत जागतिक उत्सर्जन पुन्हा खाली आलं.

या बंदीचं मूळ म्हणजे १६ सप्टेंबर १९८७ चा माँट्रियल करार. सूर्याची घातक अतिनील किरणं अडवणारा आकाशातला सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणून ठेवला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल, आणि सीएफसीतून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू त्यातले हजारो रेणू मोडतो. आज १९८ पक्ष, म्हणजे देश आणि युरोपीय संघ, या करारात आहेत. त्याला ‘जगाच्या एकजुटीचा विजय’ म्हणायची पद्धत आहे. मला विचाराल तर श्रेय एकजुटीपेक्षा कलमांना जास्त द्यायला हवं. कराराबाहेर राहणाऱ्या देशाशी या रसायनांचा व्यापार बंद, त्यामुळे बाहेर राहणंच महाग. आधीच यादीत असलेल्या रसायनाची मुदत अलीकडे आणायची तर दोन-तृतीयांश मतं पुरतात, प्रत्येक संसदेकडून नव्याने मंजुरी घ्यावी लागत नाही. आणि १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत गरीब देशांना पर्यायी तंत्रज्ञानासाठी पैसा देणारा निधी ठरला. त्याआधी भारत आणि चीन करारात यायला तयार नव्हते, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं: घाण केली कुणी आणि खर्च कुणी करायचा?

तापमानवाढ करणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे सगळं अवघड होतं. तो झाडं सोडतात, समुद्र सोडतो, पुन्हा शोषूनही घेतात. त्या ये-जा करणाऱ्या प्रचंड राशीतून एखाद्या देशाची लबाडी वेगळी काढणं म्हणजे गर्दीच्या गोंगाटात एकाची कुजबुज ओळखण्यासारखं. २०१५ च्या पॅरिस करारात कपातीचं उद्दिष्ट ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि हिशोबही मुख्यतः ज्याचा त्यानेच द्यायचा असतो.

माँट्रियल करारातही आकडे देशच कळवतात, हे विसरायला नको. चोरी पकडली ती शास्त्रज्ञांनी संशोधनासाठी वर्षानुवर्षं चालवलेल्या केंद्रांनी, आणि अशी केंद्रं जगभर सारखी पसरलेली नाहीत. २०१९ च्या निबंधाने जागतिक वाढीपैकी किमान ४० ते ६० टक्के वाटा पूर्व चीनचा ठरवला. उरलेला वायू कुठून आला, ते त्या निबंधाला सांगता आलं नाही, कारण जगाच्या बऱ्याचशा भागावरून आलेला वारा कुठल्याच केंद्राच्या वाटेत येत नव्हता.