जांभळ्या गळ्याचा कॅरिब

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला ओळीने पसरलेल्या लेसर अँटिलीस बेटांवरचा हमिंगबर्ड. शास्त्रीय नाव युलॅम्पिस जुग्युलॅरिस, कुल ट्रोकिलिडी. लिनियसने १७६६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. सेंट किट्स, अँटिग्वा, माँटसेरात, ग्वादलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही त्याची प्रमुख बेटे. यातली बरीच नावे वेस्ट इंडिजच्या क्रिकेटमुळे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. डॉमिनिका म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. रोसो ही राजधानी असलेले हे लहानसे डोंगराळ बेट निराळे आहे, आणि या पक्ष्यावरचा बराचसा अभ्यास तिथेच झाला आहे.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर आढळतात. भारतात एकही जात नाही. आपल्याकडे जास्वंदीवर किंवा पांगाऱ्यावर दिसणारे चिमुकले चमकदार पक्षी म्हणजे शिंजीर. त्यांचे कुल वेगळे, आणि मकरंद पिताना ते बहुधा डहाळीला पाय रोवून बसतात. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो. त्याचा पंख खांद्यातून असा वळतो की खाली मारतानाच नव्हे तर वर नेतानाही शरीराला उचल मिळते.

कॅरिब हा हमिंगबर्डांमध्ये चांगला मोठा म्हणावा असा पक्षी. लांबी ११ ते १२ सेंटिमीटर. नराचे वजन ९ ते १२ ग्रॅम, मादीचे ७ ते १०. अंग मखमली काळे, पंख चमकते हिरवे, शेपूट निळसर, आणि गळा व छाती जांभळट लाल. सावलीत हा गळा जवळजवळ काळाच दिसतो. पक्ष्याने मान वळवली आणि ऊन नेमक्या कोनातून पडले की तो एकदम पेटून उठतो. ही झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या तंतूंमध्ये मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म चकत्यांचे थर असतात, त्या चकत्यांत हवेचे बुडबुडे असतात आणि तिथून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ठरावीक रंगच बळकट करतात. पिलांच्या गळ्यावर नारिंगी छटा असते.

बहुतेक हमिंगबर्डांत नर भडक आणि मादी फिकी असते. इथे दोघेही सारखेच देखणे, त्यामुळे दुरून नर-मादी ओळखता येत नाहीत. ओळख पटते ती चोचीवरून. नर मादीपेक्षा सुमारे २५ टक्के वजनदार असतो, पण मादीची चोच नराच्या चोचीपेक्षा सुमारे ३० टक्के लांब आणि दुप्पट वाकडी असते. शरीर लहान आणि चोच मोठी, ही उलटी मांडणी का, हा या पक्ष्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर फुलांत सापडते.

हेलिकोनिया ही केळ, कर्दळ आणि हळद यांच्याच गणातली वनस्पती. पाने केळीसारखी, जमिनीखाली कंद, आणि वर लाल-पिवळ्या टणक होड्यांची फुलोऱ्याची दांडी. आपल्याकडेही ती आता बागांमध्ये आणि फुलांच्या दुकानांत दिसते. रंगीत होड्या म्हणजे खरी फुले नव्हेत, ती सहपत्रे. खरी फुले त्यांच्या आत दडलेली असतात, आणि प्रत्येक फूल एकच दिवस उमललेले राहते. या बेटांवर हेलिकोनियाच्या दोन देशी जाती आहेत. हेलिकोनिया कॅरिबियाची फुले आखूड आणि सरळ, हेलिकोनिया बिहाईची लांब आणि वाकडी. दोन्हींचे परागण मुख्यतः या एकाच पक्ष्यावर अवलंबून आहे.

अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचे जीवशास्त्रज्ञ इथन टेमेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट लुशियावर केलेले काम २००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात दिसले ते असे: नर कॅरिबियाच्या झुडपांवर हक्क सांगतात, माद्या बिहाईकडे वळतात, आणि ज्या फुलाचा आकार आपल्या चोचीशी जुळतो त्यातूनच नर वा मादी सर्वांत झटपट मकरंद पितात. वेग ही इथे किरकोळ बाब नाही. तरंगत राहण्यात प्रचंड ऊर्जा जाते, त्यामुळे प्रत्येक फुलापाशी वाचलेला क्षण थेट जमेला धरला जातो. कॅरिबियात मकरंद जास्त. म्हणून ती झुडपे राखण्याजोगी, आणि राखण्याच्या झटापटीत अंगाने मोठा असलेला नर जिंकतो. माद्यांच्या वाट्याला दुसरे फूल येते आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची चोच त्या फुलाच्या वळणाने घडत जाते. फूलही स्थिर राहत नाही. ज्या फुलात चोच नीट बसते त्याचे परागण चांगले होते, म्हणजे घडवणे दोन्ही बाजूंनी चालू असते.

या स्पष्टीकरणाचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीचा विचार विस्ताराने मांडला, आणि नर-मादीतला फरक दिसला की त्याचे कारण जोडीदाराच्या पसंतीत किंवा नरांच्या झुंजीत शोधायचे ही सवय पुढे पक्की झाली. अन्न वेगळे असल्यामुळेही नर आणि मादी वेगळे घडू शकतात ही शक्यता तत्त्वतः मान्य होती, पण ती दाखवणे अवघड. न्यूझीलंडमधल्या हुइया पक्ष्यात मादीची चोच लांब आणि वाकडी, नराची आखूड असे. पण तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामशेष झाला आणि त्याच्या बाबतीत तपासण्याची संधी गेली. कॅरिबच्या बाबतीत चोच आणि अन्न दोन्ही डोळ्यांसमोर आहेत आणि मोजता येतात. म्हणूनच उत्क्रांतीच्या अभ्यासात या लहानशा पक्ष्याला मोठी जागा आहे, आणि ती रास्त आहे.

पुरावा पुढे आणखी भक्कम झाला. टेमेलिस आणि स्मिथसोनियन संस्थेचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन क्रेस यांनी २००३ मध्ये दोन बेटांची तुलना मांडली. सेंट लुशियावर कॅरिबिया दुर्मीळ. तिथे बिहाईनेच दुसरे रूप घेतले आहे: हिरव्या सहपत्रांच्या रूपाची फुले लांब-वाकडी, मादीच्या चोचीची, लाल-हिरव्या सहपत्रांच्या रूपाची फुले आखूड-सरळ, नराच्या चोचीची. डॉमिनिकावर गोष्ट बरोबर उलटी. तिथे कॅरिबियाने वेगळ्या रंगाचे दुसरे रूप घडवले आहे आणि त्याची फुले मादीच्या चोचीला जुळतात. म्हणजे एका बेटावर नराची जागा रिकामी राहिली तर उरलेल्या वनस्पतीने ती भरली, दुसऱ्या बेटावर मादीची. शेजारच्या दोन बेटांवर तोच प्रश्न उलट बाजूंनी सुटावा, असा नैसर्गिक प्रयोग क्वचितच हाती लागतो.

नराचे क्षेत्रराखण हाही स्वतंत्र विषय आहे. हेलिकोनियाच्या बहरात तो आपल्या झुडपांजवळ उंच फांदीवर बसतो आणि आत शिरणाऱ्या कुणाच्याही अंगावर धावून जातो. टेमेलिस आणि क्रेस यांनी २०१० मध्ये दाखवले की नर आपल्या रोजच्या गरजेच्या दोन ते पाच पट मकरंद राखून ठेवतो. तो सगळी फुले रिकामी करत नाही. क्षेत्राचा काही भाग तो काही निवडक माद्यांसाठी सोडतो, आणि ज्याच्या क्षेत्रात मकरंद भरपूर त्याला माद्याही अधिक मिळतात. नराचे रूप इथे फारसे कामाला येत नाही, कामाला येते ती राखणदारी. त्याआधी १९७५ मध्ये लॅरी वुल्फ यांनी अशी नोंद केली होती की वीण हंगाम नसतानाही मादी नराच्या क्षेत्रात येऊन मीलनास प्रतिसाद देते आणि नंतर त्याच्या फुलांवर पिते. त्या वागण्याला त्या काळी माणसांच्या बाजारातले नाव दिले गेले. ते नाव वापरू नये असे वाटते. त्याने पक्ष्याविषयी काही कळत नाही.

मकरंद हे इंधन, पण त्यात प्रथिने नगण्य. ती बारीक किडे आणि कोळी यांतून मिळतात. पिलांना भरवायच्या दिवसांत हा भाग विशेष महत्त्वाचा. मकरंद ओढणारी जीभ टोकाला दुभंगलेली असते. ती बारीक नळीप्रमाणे द्रव आपोआप वर खेचते असे दीर्घकाळ मानले जात होते. २०११ मध्ये आलेहान्द्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी हमिंगबर्डांवरच्या अभ्यासातून दाखवले की जिभेची टोके मकरंदात उलगडतात आणि बाहेर येताना द्रवावर मिटतात.

एवढ्या वेगाने ऊर्जा खर्चणाऱ्या पक्ष्याला रात्र कठीण. डोंगरातल्या गार रात्री कॅरिब सुप्तावस्थेत जाऊ शकतो. रीड हेन्सवर्थ आणि वुल्फ यांनी १९७० मध्ये याच जातीवर केलेल्या प्रयोगात एक नवी बाब पुढे आली. भोवतालची हवा गार होत गेली तरी सुप्त पक्ष्याचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसखाली उतरत नव्हते. त्याखाली जाऊ लागताच शरीर पुन्हा उष्णता निर्माण करू लागे. सुप्तावस्था म्हणजे तापमानावरचा ताबा सोडून देणे हा समज यामुळे मोडला. ताबा असतो, फक्त पातळी खाली आणलेली असते.

वीण साधारण वर्षाच्या पहिल्या महिन्यांपासून सप्टेंबरपर्यंत चालते. घरटे बांधणे, उबवणे, भरवणे हे सगळे मादी एकटी करते. मऊ वनस्पतितंतू आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून केलेली लहान वाटी, तीत दोन पांढरी अंडी. उबवणीला १७ ते १९ दिवस लागतात आणि पिले घरट्यात जवळपास तेवढेच दिवस राहतात.

अधिवास मुख्यतः डोंगरातले दमट जंगल, पण जंगलाच्या कडा आणि केळीच्या बागांतही तो दिसतो. याच बेटांवर हिरव्या गळ्याचा कॅरिब ही सख्खी जात आहे. ती सखल, कोरड्या भागात जास्त, त्यामुळे दोघांची गाठ मर्यादित. तुरेवाला लहान अँटिलियन हमिंगबर्डही इथलाच.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात ‘कमी चिंतेची’ आहे. तरीही सगळी वस्ती मोजक्या लहान बेटांवर आहे. माँटसेरातवर १९९५ पासून सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, सेंट व्हिन्सेंटवर २०२१ मध्ये ला सुफ्रिएरचा उद्रेक झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने डॉमिनिकाचे जंगल ओरबाडून काढले. वादळाचा वारा पक्ष्याला मारतो त्यापेक्षा वादळानंतरची उपासमार जास्त मारते, आणि तिचा फटका मकरंद व फळांवर जगणाऱ्या पक्ष्यांना सर्वाधिक बसतो. जमेची बाब अशी की हेलिकोनिया झाडे पडून उजेड झालेल्या जागांत आणि रस्त्यांच्या कडेला जोमाने वाढते. डॉमिनिकावरच्या डोंगराळ जंगलाचा मोठा भाग १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मोर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यानात येतो. या उद्यानाचा १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.