पन्हाळा ते विशाळगड, एकट्याने: एका विक्रमामागचा इतिहास

कोल्हापुरात पहाटे रंकाळ्याच्या काठाने किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. जोतिबाचा डोंगर धावत चढणारेही आता नवलाचे राहिलेले नाहीत. अशा मंडळींच्या बोलण्यात पन्हाळा ते विशाळगड ही वाट एकट्याने, कमीत कमी वेळात पार करण्याचा विषय आज ना उद्या निघतोच. ही वाट साठ किलोमीटरच्या आसपास भरते आणि बेचाळीस किलोमीटरच्या पुढे जे काही धावले जाते त्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, म्हणजे अंतराच्या दृष्टीने ती त्या वर्गात सहज बसते. मात्र एकट्याने केलेल्या धावेचा विक्रम नोंदवायचा म्हणजे नेमके काय नोंदवायचे, हा प्रश्न जगभर शंभरेक वर्षे घोळत आलेला आहे. आपल्या वाटेला तर त्याआधीचा, साडेतीनशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

तो इतिहास प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असला, तरी त्यातील काही तपशील धावेच्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. पुढच्या वर्षीच्या मार्चपासून सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. तो पावसाळ्यातही ढिला पडेना, तेव्हा १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, शिवाजी महाराज सुमारे सहाशे बांदल मावळ्यांसह गडावरून निसटले. महाराज पालखीत होते. शत्रूला चकवण्यासाठी दुसऱ्या पालखीतून शिवा काशीद गेला आणि पकडला गेल्यावर त्याने प्राण दिले. सिद्दी मसूद पाठलागावर होता. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे सैन्य घेऊन थांबले आणि उरलेले मावळे पालखी घेऊन पुढे गेले. विशाळगडाच्या पायथ्याशीही वाट मोकळी नव्हती. सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा तेथे पडलेला होता आणि तो फोडूनच गडावर जावे लागले. गडावरून तोफांचे बार झाल्यानंतरच बाजीप्रभूंनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. परंपरागत कथनानुसार हा सारा प्रवास एक रात्र आणि दुसरा दिवस एवढ्यात संपला.

या प्रवासात एकट्याचे असे काहीच नव्हते, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. आळीपाळीने पालखीला खांदा देणारे, अंधारात वाट दाखवणारे, मागे राहून खिंड अडवणारे आणि दुसऱ्या पालखीत बसून मरण पत्करणारा, या सगळ्यांच्या बळावर ते अंतर कापले गेले. आज कोणी पाठीवर पाण्याची पिशवी बांधून हीच वाट एकट्याने धावला, तर तो त्या रात्रीशी स्पर्धा करत नसतो. तो एक वेगळे काम हाती घेतो, आणि त्या कामाचे नियम वेगळ्या परंपरेतून आलेले आहेत.

त्या परंपरेची सुरुवात पैजांनी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सहा-सहा दिवस चालण्याच्या शर्यती भरत. एडवर्ड पेसन वेस्टन याने १८७४ च्या डिसेंबरात सहा दिवसांत ५०० मैल चालून दाखवले आणि ते पाहायला लोक तिकीट काढून गर्दी करत. या शर्यती बंदिस्त आवारातल्या गोल धावपट्टीवर होत आणि मोजणारे पंच समोरच बसलेले असत, त्यामुळे पुराव्याचा प्रश्न फारसा येत नसे. रस्त्यावरच्या लांब धावेला कायमचे रूप दिले ते दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीने. पहिल्या महायुद्धातल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम यांनी २४ मे १९२१ रोजी ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले होते.

त्याच सुमारास आपल्याकडेही एक घटना घडली, जिची आठवण कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात जितकी ठेवायला हवी तितकी ठेवली जात नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारतातून जो छोटा चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. सर दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांच्या पुढाकाराने तो चमू निघाला होता. चौगुले मॅरेथॉन धावले आणि सुमारे २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर आजच्या मॅरेथॉनपेक्षा थोडे जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. खासबागेचे मैदान आणि शाहू महाराजांचा राजाश्रय यांमुळे कोल्हापूरची ओळख कुस्तीची झाली आणि ती योग्यच आहे. पण लांब धावण्याचा वारसाही या मुलखाला अगदी परका नाही, हे चौगुले यांच्या नावावरून कळते.

डोंगरवाटेवरील विक्रमांची खरी रीत घालून दिली ती इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टने. १९३२ च्या जूनमध्ये बॉब ग्रॅहम याने २४ तासांच्या आत ४२ शिखरे गाठून मूळ ठिकाणी परत येण्याची फेरी पूर्ण केली. ती पुन्हा कोणाला जमायला १९६० साल उजाडले. पुढे या फेरीसाठी क्लब निघाला आणि त्याने एक नियम केला, तो असा की प्रत्येक शिखरावर धावणाऱ्यासोबत कोणीतरी साक्षीदार असलाच पाहिजे. म्हणजे पूर्णपणे एकट्याने केलेली फेरी त्या क्लबच्या यादीत चढत नाही. साक्ष माणसाने द्यायची, यंत्राने नव्हे, हा विचार त्यामागे आहे. १९८२ मध्ये बिली ब्लँड याने ही फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली. ती वेळ मोडायला २०१८ मध्ये किलियन जोर्नेट यावा लागला आणि त्याने १२ तास ५२ मिनिटे घेतली. या दोन विक्रमांमध्ये छत्तीस वर्षे गेली, तरी कोणाच्या वेळेवर संशय घेतला गेला नाही, याचे श्रेय मी त्या साक्षीदारांच्या रिवाजाला देईन.

पन्हाळ्याच्या वाटेशी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र ग्रीसमधले आहे. अथेन्सहून मदत मागण्यासाठी निघालेला फिडिपिडिस दुसऱ्या दिवशी स्पार्टाला पोहोचला, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. हे माणसाला शक्य आहे का, असा प्रश्न ब्रिटिश हवाई दलातले अधिकारी जॉन फोडेन यांना पडला. त्यांनी जुने उल्लेख आणि नकाशे यांवरून वाट ठरवली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ते चार सहकाऱ्यांसह अथेन्सहून निघाले. सुमारे २४६ किलोमीटरचे ते अंतर तिघांनी पूर्ण केले. फोडेन यांना स्वतःला सदतीस तासांहून थोडा अधिक वेळ लागला. दुसऱ्याच वर्षी स्पार्टाथ्लॉन ही शर्यत सुरू झाली आणि ती ग्रीसच्याच यानिस कुरोसने जिंकली. त्या शर्यतीची मुदत आजही ३६ तासांची आहे. इतिहासातील एका वाक्याची परीक्षा पायांनी घ्यायची, त्यासाठी आधी वाट निश्चित करायची आणि मग वेळ लावायची, हा फोडेन यांचा क्रम आपल्या उपयोगाचा आहे. पन्हाळा-विशाळगडाच्या बाबतीत बहुतेक जण थेट वेळेपासून सुरुवात करतात आणि वाटेचे पुढे पाहू असे म्हणतात.

एकट्याच्या विक्रमाला मान्यता मिळू लागली ती २००० नंतर. त्या वर्षी बझ बरेल आणि पीटर बाकविन या दोन अमेरिकन धावपटूंनी कॅलिफोर्नियातील जॉन म्युअर ट्रेल वेगाने पार करण्याचे ठरवले, तेव्हा आधीच्या नोंदी कुठेच एकत्र मिळेनात. त्यातून बाकविन यांनी ‘आजवरची ज्ञात सर्वोत्तम वेळ’ या नावाने नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमधली हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि काही वर्षांतच जीपीएस मनगटावर आले. माणसाच्या साक्षीची जागा वाटेच्या आलेखाने घेतली, तेव्हा एकट्याची धाव तपासता येऊ लागली.

बरेल आणि बाकविन यांच्या नियमांनी मदतीच्या तीन पायऱ्या केल्या. पहिलीत सोबतीला माणसे आणि गाडी असू शकते. दुसरीत वाटेवर जे कोणालाही मिळू शकते ते घेता येते, दुकानातून विकतही घेता येते, पण आधी ठरवून कोणाची मदत घेता येत नाही. तिसरीत नैसर्गिक किंवा सार्वजनिक पाण्याखेरीज काहीच घ्यायचे नाही, सगळे पाठीवर न्यायचे. हा भेद किती मोठा असतो ते सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या अपलाचियन ट्रेलवर दिसते. तेथे २०११ मध्ये जेनिफर फार डेव्हिस हिने ४६ दिवस ११ तासांचा विक्रम मदतीसह केला. २०१७ मध्ये जो मॅककॉनहे याने ठरवलेली मदत न घेता तेच अंतर ४५ दिवस १२ तासांत संपवले. २०२४ मध्ये टारा डोअर हिने मदतीसह ते ४१ दिवसांच्या आत आणले. हे आकडे एका रांगेत लावता येत नाहीत, आणि तेच त्यांचे वैशिष्ट्य आहे.

पुराव्याची कसोटी किती कडक होऊ शकते हे २०१६ मध्ये दिसले. अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या एका ब्रिटिश धावपटूच्या गाडीजवळ रात्री गेलेल्या लोकांना गाडी संथपणे चाललेली दिसली, पण धावणारा दिसेना. पुढे प्रायोजकानेच तज्ज्ञ नेमले, घड्याळातील नोंदी तपासल्या गेल्या आणि बाहेरची मदत घेतली गेल्याचा निष्कर्ष निघाला. त्या धावपटूने तो मान्य केला नाही.

आता हे सगळे आपल्या वाटेवर आणून पाहिले, की अडचणी स्पष्ट होतात. पन्हाळ्याहून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पांढरेपाणी आणि मग पावनखिंड, असा दरवर्षी जुलैमध्ये निघणाऱ्या पदभ्रमंतीचा ढोबळ मार्ग आहे. हजारो लोक तो बहुधा दोन दिवसांत, मध्ये मुक्काम करून चालतात. पण काही टप्प्यांत जुनी पायवाट शेतात गेली आहे, काही ठिकाणी तिच्यावर डांबरी रस्ता आला आहे. वाडीपासून वाडीपर्यंत रस्त्याने गेले तर वेळ वाचतो, रानातून गेले तर अंतर वाचते. दोन धावपटूंनी दोन वाटा घेतल्या तर त्यांच्या वेळांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

ऋतूचे तसेच आहे. जुलैत मसाई पठारावर धुके असे उतरते, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि सपाट जांभ्यावर पायवाटेची खूणच राहत नाही. शेवाळलेल्या कातळावर पाय टेकवताना टाच आधी टेकली तर माणूस घसरलाच, म्हणून तेथे धावणारे आखूड पावले टाकून, चवड्यावर भार देत जातात. खाली उतरले की भातलावणी चाललेली असते. चिखलणी केलेल्या खाचरांमधून जायला वीतभर रुंदीचा बांध असतो. तो फुटला तर खाचरातले पाणी निघून जाते आणि शेतकऱ्याचे नुकसान होते, म्हणून तेथे चालतच जायला हवे, मग घड्याळ काहीही सांगो. हिवाळ्यात हीच वाट कोरडी, उघडी आणि कितीतरी सोपी असते. पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली वेळ एकाच यादीत घालणे मला पटत नाही.

मदतीचा प्रश्न तर येथे अधिकच नाजूक आहे. या वाड्यांमध्ये भिजलेल्या माणसाला चहा न विचारता कोणी पुढे जाऊ देत नाही, आणि विचारल्यावर नाही म्हणणे बरे दिसत नाही. बरेल-बाकविन यांच्या नियमांनुसार आगाऊ न ठरवलेला असा चहा दुसऱ्या पायरीत चालतो, तिसरीत चालत नाही. तेव्हा एकट्याचा विक्रम या वाटेवर दुसऱ्याच पायरीवर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वाटेचा इतिहासच इतरांच्या खांद्यावर उभा आहे, तेथे घोटभर चहा नाकारण्याने नोंद अधिक खरी होत नाही.

एकट्याने निघण्यातला धोकाही नोंदीचाच भाग मानायला हवा. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट आणि वादळी वारा आला आणि २१ धावपटू गारठून मरण पावले. सह्याद्रीत बर्फ नसले तरी सतत पाऊस, वारा आणि थकवा एकत्र आले की जुलैतही शरीराचे तापमान घसरते. ओढे तासाभरात फुगतात, आणि अनेक टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. आपण कोणत्या वाडीतून किती वाजता पुढे जाणार आहोत हे घरी लिहून ठेवणे याला कोणत्याही पायरीत मदत समजले जात नाही.

राहता राहिला शेवट कुठे करायचा हा मुद्दा. बहुतेक पदभ्रमंती पावनखिंडीत संपतात, कारण तेथे बाजीप्रभूंना वंदन करायचे असते. महाराजांचा प्रवास मात्र विशाळगडावर संपला होता आणि खिंडीपासून गडापर्यंतचा टप्पा, शेवटच्या चढासह, दमलेल्या पायांना सर्वांत जड जातो. दोन्ही ठिकाणच्या वेळा स्वतंत्रपणे, वाटेच्या आलेखासह आणि महिन्याच्या उल्लेखासह लिहाव्यात. पावनखिंडीपर्यंतच्या धावेला पन्हाळा-विशाळगड असे नाव देऊ नये.