मेफ्लाय : ट्राउटचे खाद्य म्हणून

मेफ्लाय हा एफेमेरॉप्टेरा गणातील जलकीटक असून त्याच्या ३,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. नावात ‘फ्लाय’ असले तरी ही खरी माशी नव्हे. माशीला पंखांची एकच जोडी असते. मेफ्लायला बहुधा दोन, त्यांतली मागची लहान. बसल्यावर पाठीवर शिडासारखे उभे राहणारे पंख आणि पोटाच्या टोकाशी दोन किंवा तीन लांब शेपट्या, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

गणाचे नाव ‘एक दिवस टिकणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, पण एका दिवसाच्या आयुष्याची ही ख्याती फक्त पंख फुटल्यानंतरची. त्याआधी निंफ म्हणजे बिनपंखी पिल्लाच्या अवस्थेत तो पाण्याखाली काही महिने, काही जातींत दोन वर्षांपर्यंत, शेवाळ आणि कुजका पाला खाऊन वाढतो व वारंवार कात टाकतो. श्वसनासाठी त्याच्या पोटाच्या कडेने कल्ले असतात. धावत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे निंफ चपटे, पोहणारे सडपातळ, तर तळाच्या गाळात बीळ करणारे लांबोडे असतात. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचे बरेचसे खाणे याच अवस्थेतले. गळ टाकणाऱ्याचे लक्ष मात्र पाण्यावर उडणाऱ्या पंखांकडे!

पूर्ण वाढलेला निंफ पृष्ठभागाशी येतो, त्याची पाठ उकलते आणि आतून धुरकट पंखांचा ‘डन’ बाहेर पडतो (काही जाती मात्र काठावरच्या दगडावर चढून कात टाकतात). कातीत अर्धवट अडकलेल्या किड्याला पळता येत नाही, म्हणून ट्राउटला तो फार सोयीचा. अशा वेळी पाण्याबाहेर माशाची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. मासा वरचे डन टिपतो आहे असे समजून तरंगती नक्कल (गळाला बांधलेला खोटा किडा) टाकणारा तासभर हात हलवत बसतो. खरे खाणे पृष्ठभागाच्या जरा खाली चाललेले असते.

डन काठच्या झाडाझुडपांत जाऊन पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा हा आजचा एकमेव कीटकगण. आता तो काचेसारख्या पंखांचा ‘स्पिनर’ होतो. प्रौढाला खाण्याजोगे मुखावयव नसतात. उरलेले काम प्रजननाचे. नर थव्याने वरखाली नाचतात, मादी अंडी घालते आणि पंख पसरून पाण्यावर पडते. निपचित पडलेले हे भक्ष्य ट्राउट घाई न करता, पाणी फारसे न हलवता ओढून घेतो.

म्हणून नक्कल बांधताना जातीच्या नावापेक्षा अवस्था, आकारमान आणि घाट यांना महत्त्व. रंग त्यानंतर. इंग्लंडमधील गळ टाकणाऱ्यांत फ्रेडरिक हॅलफर्ड तरंगत्या नकलेचे कट्टर पुरस्कर्ते होते, जी. ई. एम. स्क्यूज यांनी बुडत्या, निंफच्या नकलेची बाजू मांडली आणि हा वाद बराच काळ धुमसला. पुढे फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तांब्याच्या तारेने गुंडाळून निंफची नक्कल बांधली. तिला पाय नव्हतेच, कारण पोहणारा निंफ पाय अंगाशी आवळून घेतो, हे त्यांनी पाहिले होते.

बीटिस वंशातील काही जातींच्या माद्या दगडावरून रांगत पाण्याखाली उतरून अंडी घालतात. त्या काळात स्पिनरची नक्कलही बुडवूनच वापरावी लागते.