दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांचे चित्रण आणि स्मृतिभ्रंशाचा धोका

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या, बारीक रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेऊन त्यांची रुंदी, वळणे, फाटे आणि गळती मोजण्याची ही पद्धत. मधुमेहात आणि उच्च रक्तदाबात ती जुनीच आहे. स्मृतिभ्रंशाचा धोका लक्षणे दिसण्याआधी या मोजमापांतून कळेल का, हा प्रश्न त्या मानाने नवा आहे.

मेंदूशी संबंध जोडण्याचे कारण शरीररचनेतच आहे. गर्भात दृष्टिपटल अग्रमस्तिष्काच्याच भागातून वाढते. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतली अंतर्गत कॅरोटिड रोहिणीच एका शाखेने डोळ्यालाही रक्त देते. रक्तातले नको ते पदार्थ ऊतीत शिरू नयेत म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जशा घट्ट सांधलेल्या असतात, तशाच इथल्याही. मेंदूतल्या केसासारख्या वाहिन्या साध्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. दिसते ते त्या बिघडल्यानंतरचे नुकसान. दृष्टिपटलावर मात्र त्यांच्याच जातकुळीच्या वाहिन्या नुसत्या प्रकाशात पाहता येतात. ही सोय हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडलेल्या नेत्रदर्शकामुळे झाली.

तपासणी साधी आहे. गरज पडल्यास बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, हनुवटी टेकवून समोर पाहायला सांगतात आणि डोळ्याच्या आतला पडदा टिपणाऱ्या फंडस कॅमेऱ्याने फोटो काढतात. नारिंगी-लाल पृष्ठभागावर एक फिकट पिवळसर चकती दिसते. तिथून दृष्टिचेता मेंदूकडे निघते आणि तिथूनच रक्तवाहिन्या पसरतात. उजळ आणि थोड्या अरुंद त्या रोहिणी, गडद आणि रुंद त्या नीला. रक्तदाब बरीच वर्षे चढलेला असेल, तर रोहिणी आकसलेल्या दिसतात आणि जिथे कडक झालेली रोहिणी नीलेला ओलांडते तिथे नीला चिमटल्यासारखी होते. मोजणीसाठी चकतीभोवती ठरावीक अंतरावर एक कडे आखतात आणि त्यातून जाणाऱ्या सहा मोठ्या रोहिणी व सहा मोठ्या नीला यांच्या रुंदीवरून सर्व रोहिणींचा मिळून एक आणि सर्व नीलांचा मिळून एक असे दोन आकडे काढतात. आता हे काम बरेचसे संगणक करतो. ओसीटी अँजिओग्राफी या नव्या तंत्रात रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता केशवाहिन्यांचे जाळेही थरांनुसार दिसते.

सर्वांत भक्कम पुरावा वर्षानुवर्षे चाललेल्या लोकसंख्या-अभ्यासांचा आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासात ज्यांच्या नीला अधिक रुंद होत्या त्यांना पुढे स्मृतिभ्रंश, विशेषतः रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणारा, अधिक प्रमाणात झाला. हे निष्कर्ष २०११ मध्ये आले. अमेरिकेतील ‘एरिक’ अभ्यासात १९९० च्या दशकात पडद्याचे फोटो काढले होते. त्याच लोकांच्या पुढच्या सुमारे वीस वर्षांतल्या चाचण्या तपासल्यावर, पडद्यावर मध्यम ते तीव्र बिघाड असलेल्यांची बौद्धिक क्षमता अधिक वेगाने घसरल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. नीला रुंदावण्यामागे दाह, ऑक्सिजनची कमतरता, धूम्रपान अशी कारणे सुचवली जातात.

अल्झायमरच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही. मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरशी जोडले जाणारे प्रथिन) साचलेले पण स्मृती शाबूत असलेल्या लोकांत एका अभ्यासाला पडद्याच्या मध्यभागी वाहिन्या नसलेला भाग मोठा आढळला, तर दुसऱ्याला वाहिन्यांची घनता उलट वाढलेली आढळली. वयामुळे, मोतीबिंदूने फोटो धूसर आल्यामुळे, काचबिंदूमुळे किंवा यंत्र बदलल्यानेही आकडे हलतात. म्हणून एकट्या व्यक्तीचा फोटो पाहून ‘तुम्हाला विस्मरणाचा आजार होणार’ असे सांगणे आज चुकीचे आहे आणि क्रूरही. फोटोतून कळते ते बारीक वाहिन्या किती झिजल्या आहेत एवढेच; आणि ती झीज बहुधा रक्तदाब, साखर व तंबाखू यांचीच असते. स्मृतिभ्रंशाचे नाव न घेताही रुग्णाला उपचाराला लावायला एवढे पुरेसे आहे. ‘स्प्रिंट माइंड’ या अमेरिकी चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. स्मृतिभ्रंशाच्या प्रमाणातली घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम नव्हती.

भारतात या विषयाला वेगळे वजन आहे. साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर सांगितली. मधुमेहींनी पडद्याची तपासणी नियमित, साधारणपणे वर्षातून एकदा, करून घ्यावी असा सल्ला दिला जातोच. मदुराईच्या अरविंद रुग्णालयासारख्या संस्थांतल्या फोटोंवर मधुमेही पडदाविकार ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीही तपासल्या गेल्या आहेत. मेंदूच्या धोक्याचा अभ्यास करायला म्हणूनच इथे नवा कॅमेरा लागत नाही. एकाच व्यक्तीचे वर्षानुवर्षांचे फोटो जपून ठेवणे आणि त्याच व्यक्तीची स्मृतिचाचणी ठरावीक काळाने घेऊन ती त्या फोटोंशी जोडणे, ही व्यवस्था लागते.