स्तेफानोव्स्की, व्लात्को

स्तेफानोव्स्की, व्लात्को : (२४ जानेवारी १९५७ – ). मॅसिडोनियन गिटारवादक व संगीतकार. जन्म प्रीलेप (आजचा उत्तर मॅसिडोनिया) येथे, रंगभूमीवरील कुटुंबात. नाटककार गोरान स्तेफानोव्स्की (१९५२–२०१८) हे त्यांचे थोरले बंधू.

१९७६ च्या सुमारास मॅसिडोनियाच्या राजधानीत, स्कोप्ये येथे त्यांनी बोदान आर्सोव्स्की (बास), निकोला दिमुशेव्स्की (कीबोर्ड) व गाराबेत ताविट्यान (ड्रम) यांच्यासह ‘लेब इ सोल’ हा वाद्यवृंद उभारला. नावाचा अर्थ ‘पाव आणि मीठ’; पाहुण्याला या दोन वस्तू देऊन त्याचे स्वागत करण्याची स्लाव्ह रीत आहे. १९७८ मध्ये त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. या वादनाला कोणी रॉक म्हणतात, कोणी जॅझ. लोकसुरावटीवर विस्तार करण्याची त्यांची पद्धत पाहता ‘जॅझ-रॉक’ हेच नाव अधिक योग्य वाटते.

त्यांच्या संगीताचा गाभा विषम, म्हणजे लांब व आखूड ठोके मिसळलेल्या, लयीत आहे. ‘लेस्नोतो’ या लोकनृत्याची लय सात मात्रांची, ३-२-२ अशा खंडांची असते. आपल्या रूपक तालाचे खंडही हेच. पण रूपकात पहिली मात्रा ‘खाली’ (टाळी न देता दाखवलेली) असते, तर लेस्नोतोत पहिला लांब ठोका पावलाला आधार देतो. अशा लयींना हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी ‘बल्गेरियन लय’ म्हटले. रुमानियन संगीतशास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन ब्राइलोयू यांनी १९५१ मध्ये ‘अक्साक’ (तुर्की अर्थ : लंगडी) ही संज्ञा रूढ केली आणि ३:२ प्रमाणातील दोन विषम कालखंड हे तिचे मूळ मानले. या लयी बाल्कनमध्ये अनेक समाजांत आढळतात. त्यामुळे कोणा एका राष्ट्राच्या नावे न बांधलेली ही संज्ञाच अधिक सयुक्तिक होय. ‘योवानो, योवान्के’ या सात मात्रांच्या लोकगीतावरही उत्तर मॅसिडोनिया व बल्गेरिया दोघे हक्क सांगतात. गीतातील मुलगी वर्दार नदीकाठी बसून पांढरे कापड उजळवते आणि डोंगराकडे पाहत राहते.

अभिजात गिटारवादक मिरोस्लाव ताडिच यांच्यासोबतची क्रुशेवो (१९९८) ही ध्वनिमुद्रिका स्तेफानोव्स्कींची सर्वांत सुरेख कामगिरी मानावी लागेल. विद्युत् गिटारचा झगमगाट इथे नाही. दोन गिटार आळीपाळीने सूर आणि साथ वाटून घेतात, म्हणून प्रत्येक खंड सुटा ऐकू येतो. क्रुशेवो हे ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १९०३ च्या इलिंदेन उठावाचे मॅसिडोनियातील डोंगरी गाव.

लेब इ सोल १९९५ मध्ये विसर्जित झाला. २००६ मध्ये मूळ चौघे पुन्हा एकत्र आले. जिप्सी मॅजिक (१९९७) या चित्रपटाचे संगीतही स्तेफानोव्स्कींचे आहे.