उत्कंठा ताणणं आणि निवेदन अडखळणं

भयंकर प्रसंगाच्या तोंडाशी कादंबरीतलं निवेदन तुटलं, की परीक्षणात ठरलेलं वाक्य येतं: 'लेखकाने उत्कंठा शेवटपर्यंत ताणून धरली आहे.' वैताग येतो. उत्कंठा आपल्याला रहस्यकथांतून पाठ आहे. लेखक ऐन मोक्याला प्रकरण तोडतो, आपण पान उलटतो, खुनी सापडला की हिशेब मिटतो.

घोळ होतो तो पुढे. आघाताच्या कादंबरीत, म्हणजे युद्ध किंवा अत्याचाराने मनावर झालेल्या जखमेच्या कादंबरीत, निवेदन तुटतं, पण दडवलेलं काहीच नसतं. कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९) पाहा. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर बॉम्बहल्ल्यात जळालं तेव्हा ते स्वतः तिथे युद्धकैदी होते. कादंबरी कुठल्या शब्दाने संपणार, हेसुद्धा पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलंय. तरी नायक बिली पिल्ग्रिम काळात इकडून तिकडे भिरकावला जातो: लग्न, म्हातारपण, थेट परग्रह. हल्ल्याच्या रात्रीत मात्र तो जात नाही. लग्नाच्या वाढदिवसाला चौघे गायला लागतात आणि त्याचा चेहरा पिळवटतो. का, ते त्यालाच कळत नाही. नंतर एकटा असताना ती रात्र त्याला नुसती आठवते, तीही मांस साठवायच्या तळघरातली. वर राक्षसी पावलांसारखे धमाके, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आल्यावर तोंडं उघडी पडलेले, पण आवाज न फुटणारे चार पहारेकरी. जळतं शहर आपल्याला दिसतच नाही.

टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हड'मध्ये (१९८७) तर हे आणखी उघड आहे. गुलामीतून पळालेली सेथ पोटच्या मुलीला मारून टाकते, हे आपण तिला धरायला आलेल्या गोऱ्यांच्या नजरेतून पाहतो. रहस्य तिथेच फुटलं. उत्कंठेचाच मामला असता तर पुढे लिहायची गरज नव्हती. पण पुढे तिचा गुलामीतला जुना सोबती पॉल डी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन तिच्याकडे येतो, आणि सेथ स्वयंपाकघरात गोल गोल फिरत बोलत राहते, पोरगी रांगायला कशी लागली, कपडे कसे शिवले. वाचकाला सगळं माहीत, त्यालाही माहीत, तरी तिला मुद्द्यावर येता येत नाही.

म्हणून मी एवढंच बघतो: घटना कळल्यावरही निवेदन अडखळतं का? अत्याचार शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून 'ट्विस्ट' म्हणून बाहेर काढणाऱ्या आणि मध्ये तीन टिंबं, तिरपी अक्षरं पेरणाऱ्या कादंबऱ्यांना कुणी 'आघाताचं शिल्प' म्हणू नये. त्या रहस्यकथाच आहेत, आणि बहुतेक सुमार.